बाळंतपणाची पैसेवारी

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नांदेड,
तथा अध्यक्ष, बँकांची जिल्हा सल्लागार समिती

विषय : उमरी तालुक्यातील एका कमाईवर आलेली घरे, त्यांचे कर्जाचे हप्ते आणि बाळाच्या जन्मानंतरचे पहिले सहा महिने



नांदेडच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे असलेल्या असंख्य जबाबदाऱ्यांपैकी दोन जबाबदाऱ्यांचा एकमेकींशी संबंध सहसा जोडला जात नाही. त्यांतील पहिली पैसेवारी जाहीर करण्याची आहे. पैसेवारी म्हणजे गावातील पीक प्रमाण उत्पन्नाच्या तुलनेत रुपयात किती पैसे आले याचा महसुली अंदाज. तो ५० पैशांच्या खाली उतरला की जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जांचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी अशा सवलतींचा मार्ग मोकळा होतो. दुसरी जबाबदारी बँकांच्या जिल्हा सल्लागार समितीच्या अध्यक्षपदाची आहे. या समितीत दर तिमाहीला बँकांचे आणि शासकीय खात्यांचे प्रतिनिधी एकत्र बसून जिल्ह्यातील कर्जवाटपाचा आढावा घेतात. पहिली जबाबदारी उत्पन्न बुडाल्याची नोंद करते आणि दुसरी कर्जाच्या नियोजनाची दिशा ठरवते, म्हणून ज्या प्रसंगी घराचे उत्पन्न बुडते आणि त्याच वेळी कर्जाचा हप्ता उभा असतो, तो प्रसंग या दोन्ही जबाबदाऱ्यांच्या सांध्यावर येतो. दुष्काळ हा असा एक प्रसंग आहे आणि शासनाने तो ओळखलेला आहे. बाळंतपण हा तसाच दुसरा प्रसंग आहे, आणि त्याची पैसेवारी अद्याप कोणी काढलेली नाही.

उमरी तालुक्यातील कष्टकरी घराचे अर्थकारण पाहिले की हे विधान अधिक स्पष्ट होते. कापूस आणि सोयाबीन यांवर जगणाऱ्या या भागात अल्पभूधारक किंवा भूमिहीन घर क्वचितच एका माणसाच्या कमाईवर चालते. नवरा बांधकामावर, आडत दुकानात, वाहनावर किंवा मुदखेड-धर्माबाद मार्गावरील रेल्वेने निजामाबाद-हैदराबादकडे जाऊन मजुरी करतो, तर बायको खुरपणीला, सोयाबीनच्या काढणीला आणि दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणीला जाते. वेचणीची मजुरी किलोवर मिळत असल्याने चपळ हाताची बाई त्या दोन-अडीच महिन्यांत वर्षातील इतर कोणत्याही कामापेक्षा अधिक कमावते. अशा घरात बाळ कार्तिकात जन्मले, तर बुडतो तो नेमका वर्षातील सर्वांत भरीव कमाईचा हंगाम. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्यामुळे पुष्कळदा सातव्या महिन्यातच मजुरी थांबते, बाळंतिणीचा सव्वा महिना बाहेर न पडण्यात जातो आणि पुढे बाळ अंगावर पिते तोवर रानात पूर्ण दिवस काढता येत नाही. संघटित क्षेत्रातील पात्र नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते. वेचणीच्या मजुरीला अशी रजा नसल्यामुळे या घरात कमाई सुटते आणि हप्ता तसाच राहतो.

हप्ता म्हणजे येथे प्रामुख्याने सूक्ष्म वित्त कर्जाचा हप्ता, ज्याला गावात सरळ ‘फायनान्सचा हप्ता’ किंवा ‘गटाचा हप्ता’ म्हणतात. रिझर्व्ह बँकेने १४ मार्च २०२२ रोजी काढलेल्या आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या निर्देशांनुसार, ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत आहे त्याला तारणाशिवाय दिलेले कर्ज ते सूक्ष्म वित्त कर्ज होय. येथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुले. याच निर्देशांत कर्जदाराच्या संरक्षणासाठी एक महत्त्वाची मर्यादा घातलेली आहे : कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मिळून होणारे मासिक हप्ते त्याच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांहून अधिक होता कामा नयेत, आणि ते तसे होत असतील तर नवे कर्ज देऊ नये. नियम विचारपूर्वक केलेला आहे, परंतु त्यातील उत्पन्न कर्ज देतेवेळी मोजले जाते आणि हप्ता पुढे दीड-दोन वर्षे चालतो. मधल्या काळात घरातील दोन कमावत्यांपैकी एक कमी झाला, तर त्या मोजणीचा आधारच नाहीसा होतो.

हे आकड्यांत मांडण्यासाठी एक नमुन्याचे घर कल्पावे. नवऱ्याची कमाई महिन्याला १२,००० रुपये, बायकोची वर्षभराची सरासरी महिना ६,००० रुपये आणि दोन गटकर्जे व एका दुचाकीचे कर्ज यांचे एकूण हप्ते ८,४०० रुपये. दोघे कमावते असताना उत्पन्न १८,००० होते, हप्ते त्याच्या ४७ टक्क्यांच्या आत राहतात, नियम पाळला जातो आणि घरखर्चाला ९,६०० रुपये उरतात. बायकोची मजुरी थांबताच उत्पन्न १२,००० वर येते आणि हप्ता तोच असताना त्याचा वाटा ७० टक्के होतो. घरखर्चाला उरतात ३,६०० रुपये, म्हणजे पूर्वीच्या निम्म्याहूनही बरेच कमी. उत्पन्न एक तृतीयांशाने घटले, तरी हाती उरणारी रक्कम जवळजवळ दोन तृतीयांशांनी घटली. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ हा उपदेश या घराला करता येत नाही, कारण त्याने पाय अंथरुणाच्या आतच ठेवले होते आणि अंथरूण मागाहून आखूड झाले. ‘ऋण काढून सण’ असेही त्याला म्हणता येत नाही, कारण बारसे, पाचवी, बाळंतविडा यांवरचा खर्च या हिशेबात धरलेलाच नाही.

येथेच संरक्षणासाठी केलेला नियम घराच्या विरुद्ध बाजूला जाऊन उभा राहतो. हप्त्यांचा वाटा ५० टक्क्यांच्या वर गेल्यामुळे नियमाने चालणारी कोणतीही संस्था त्या घराला नवे सूक्ष्म वित्त कर्ज देऊ शकत नाही आणि देऊही नये, पण महिन्याला ६,००० रुपयांची तूट तर भरून काढावी लागतेच. त्या वेळी जे दार उघडे राहते ते हातउसन्यांचे, आणि नातेवाइकांचेही हात आखडले की सावकाराचे. सावकारी व्याज ‘शेकडा तीन’ असे सांगितले जाते आणि ते ऐकायला हलके वाटते, पण त्याचा अर्थ शंभर रुपयांवर दरमहा तीन रुपये, म्हणजे वर्षाला ३६ टक्के असा होतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवानाधारक सावकारासाठी शासनाने ठरवून दिलेले वार्षिक दर असे आहेत : शेतीसाठीच्या तारणी कर्जास ९ आणि विनातारण कर्जास १२ टक्के, इतर तारणी कर्जास १५ आणि विनातारण कर्जास १८ टक्के. ‘शेकडा तीन’ हा दर यांतील सर्वांत वरच्या दराच्याही दुप्पट आहे. परवान्याविना सावकारी हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा किंवा ५०,००० रुपयांपर्यंतच्या दंडाचा गुन्हा आहे आणि तालुक्याला सहकार खात्याचा सहायक निबंधक तक्रार घेण्यास बांधलेला आहे. तरीही ज्या घरात दुधाचा आणि औषधाचा खर्च सावकाराच्या पैशातून निघतो, ते घर तक्रार करील ही अपेक्षा कागदावरच राहते.

वसुलीच्या बाबतीत तर नियम आणि रूढी यांची गाठ अधिकच विचित्र पडते. रिझर्व्ह बँकेच्या त्याच निर्देशांनी असे ठरवून दिले आहे की हप्त्याची वसुली परस्परसंमतीने ठरवलेल्या जागी, म्हणजे गावाकडे बहुधा एखाद्या सदस्येच्या ओसरीवर भरणाऱ्या गटाच्या बैठकीत, व्हावी. कर्जदार लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा तेथे आली नाही, तरच कर्मचाऱ्याने तिच्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी जावे. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करणे, नातेवाइकांना त्रास देणे, धमकावणे यांना मनाई आहे. ही तरतूद स्त्रियांचा मान राखण्यासाठी केलेली आहे यात शंका नाही. परंतु बैठक साप्ताहिक असेल, तर सव्वा महिन्यात पाच बैठका येतात आणि बाळंतीण त्यांतील एकीलाही जाऊ शकत नाही. कोणी तिच्या वतीने हप्ता नेऊन भरला नाही, तर दुसऱ्याच आठवड्यात तिची अनुपस्थिती नियमानुसार ‘लागोपाठ दोनदा’ ठरते आणि वसुलीचा माणूस, एकही नियम न मोडता, बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहू शकतो. गटकर्जात एकीचा हप्ता चुकला की तो इतर सदस्यांनी भरण्याची संयुक्त जबाबदारी असते, म्हणून वसुलीच्या माणसाच्या आधी शेजारणी आलेल्या असतात. त्यांचा राग खरा असतो, कारण त्यांच्याही घरी तोच हिशेब चाललेला असतो.

यावर असे म्हणता येईल की शासन बाळंतपणासाठी पुष्कळ काही देते, आणि हे म्हणणे खोटे नाही. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून शासकीय रुग्णालयातील प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि ये-जा यांचा खर्च मातेकडून घेता येत नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. राज्याच्या लेक लाडकी योजनेत १ एप्रिल २०२३ पासून पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेच्या घरी जन्मलेल्या मुलीला जन्मानंतर ५,००० रुपये आणि पुढे टप्प्याटप्प्याने, अठराव्या वर्षापर्यंत, एकूण १,०१,००० रुपये मिळतात. या योजनांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु वरील नमुन्याच्या घराला महिन्याची तूट ६,००० रुपयांची आहे, म्हणजे पहिल्या अपत्यासाठीची मातृवंदनेची संपूर्ण रक्कम एका महिन्याच्या तुटीलाही पुरत नाही. शिवाय ती हप्त्यांत येते आणि बँक खात्यात जमा होते, जेथे थकीत कर्जापोटी ती वळती होण्याची भीती असते. लाडकी बहीण योजनेची रक्कम बँकांनी कर्जापोटी वळती करू नये असे राज्य शासनाने २०२४ मध्ये बजावले होते, आणि तीच काळजी बाळंतपणाच्या पैशांबाबतही घ्यायला हवी. अनुदान वाढवण्याची मागणी येथे केलेली नाही. तुटीचे मूळ हप्त्याच्या वेळापत्रकात आहे, म्हणून उपायही तेथेच शोधला पाहिजे.

उपाय असा की मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाला कर्ज देतानाच करारात एक अट घालावी : मुदतीच्या काळात घरी बाळ जन्मल्यास सहा महिने केवळ व्याज भरले जाईल आणि मुद्दलाची फेड तेवढीच पुढे सरकेल. नमुन्याच्या घरावर ७५,००० रुपये कर्ज शिल्लक आहे आणि त्यावर सरासरी २४ टक्के व्याज आहे असे धरल्यास महिन्याचे व्याज १,५०० रुपये होते. ते भरून घरखर्चाला १०,५०० रुपये उरतात, म्हणजे दोघे कमावत असताना उरत होते त्याहून ९०० रुपये अधिक, आणि ते बाळाच्या कामी येतात. याउलट पूर्ण हप्ता भरत राहून तूट सावकाराकडून भागवली, तर सहा महिन्यांनी संस्थांचे सुमारे ३१,५०० आणि सावकाराचे ३६,००० असे ६७,५०० रुपये डोक्यावर राहतात, शिवाय सावकाराचे व्याज. म्हणजे एकूण कर्जाच्या आकड्यात दोन्ही मार्गांत फार अंतर पडत नाही, ही गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. अंतर पडते ते कर्जाच्या जातीत. पहिल्या मार्गात सगळे कर्ज लेखी, मुदतीचे आणि घटत्या शिलकेवर व्याज लावणारे असते. दुसऱ्या मार्गात अर्ध्याहून अधिक कर्ज बिनकागदी होते, त्याचे १,०८० रुपये मासिक व्याज भरूनही मुद्दल जागचे हलत नाही आणि बाई पुन्हा वेचणीला जाऊ लागली तरी तिची कमाई मुद्दलापर्यंत पोहोचत नाही. संस्थेच्या वहीत मात्र हे घर ‘नियमित परतफेड करणारे’ म्हणून नोंदले जाते आणि त्या नियमितपणाची किंमत कोणत्याही अहवालात दिसत नाही.

बँकांचा आक्षेप काय असेल याचाही विचार येथे करणे योग्य ठरेल. कर्जदार अडचणीत आल्यावर हप्ता बदलला, तर ते कर्ज ‘पुनर्रचित’ ठरते, म्हणजे अडचणीमुळे अटी सैल केलेले कर्ज म्हणून त्याची वेगळी नोंद होते आणि संस्थेला त्यापोटी तरतूद करावी लागते. म्हणूनच ही सवलत मागाहून दयेपोटी देण्याऐवजी मूळ करारातच असली पाहिजे, कारण करारात आधीच लिहिलेले वेळापत्रक पाळणे ही पुनर्रचना ठरत नाही. बँकव्यवहाराला ही कल्पना अपरिचित नाही. शैक्षणिक कर्जाचा हप्ता शिक्षण संपेपर्यंत आणि त्यानंतर काही काळ सुरू होत नाही, पीककर्जाची फेड पिकाच्या हंगामाला बांधलेली असते, आणि पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक झाल्यास मुदत वाढवून देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या नैसर्गिक आपत्तीविषयक निर्देशांत केलेली आहे. गैरफायद्याची भीतीही येथे सर्वांत कमी आहे. पाऊस केव्हा दगा देईल हे कोणाला सांगता येत नाही, पण बाळंतपणाची अपेक्षित तारीख आशा कार्यकर्तीच्या नोंदीत आणि माता व बाल संरक्षण कार्डावर कित्येक महिने आधी लिहिलेली असते. जिल्ह्यातील दुसऱ्या कोणत्याही आर्थिक संकटाची इतकी नेमकी पूर्वसूचना प्रशासनाला मिळत नाही.

जिल्हा सल्लागार समितीला कायदा बदलण्याचा अधिकार नाही आणि प्रस्तुत पत्राची तशी अपेक्षाही नाही. समितीच्या कक्षेत येणाऱ्या गोष्टी चार आहेत. पहिली, जिल्ह्यात काम करणाऱ्या बँकांना आणि सूक्ष्म वित्त संस्थांना वरील अट आपापल्या कर्जधोरणात घालण्याची शिफारस करणे आणि प्रयोग म्हणून उमरी तालुक्यापासून तिचा आरंभ करणे. दुसरी, बाळंतपणामुळे बैठकीस न येणे ही ‘अनुपस्थिती’ धरली जाऊ नये आणि सव्वा महिन्यात वसुलीसाठी घरी जाऊ नये, एवढी साधी आचारसंहिता संस्थांकडून मान्य करून घेणे. तिसरी, मातृवंदना आणि लेक लाडकी योजनांची रक्कम कर्जापोटी वळती होणार नाही, असे सर्व शाखांना लेखी कळवणे. चौथी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि कदाचित सर्वांत उपयोगी आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी वित्तीय साक्षरता केंद्राचा एक समुपदेशक तेथे बसवावा.

त्या समुपदेशकाने करायचे काम फार मोठे नाही. त्याने जोडप्याला सर्व हप्ते एका कागदावर लिहायला लावावेत आणि प्रत्येक कर्जाचा खरा वार्षिक दर काढून दाखवावा. मूळ रकमेवर शेवटपर्यंत व्याज लावणारा ‘सपाट’ दर १२ टक्के सांगितला, तर वर्षभराच्या मासिक हप्त्यांच्या कर्जात तो घटत्या शिलकेवर २१ टक्क्यांहून अधिक पडतो, हे बहुतेक कर्जदारांना कोणी समजावून दिलेले नसते. सूक्ष्म वित्त कर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड लागत नाही, म्हणून कापसाचा पैसा आला की कोणते कर्ज आधी मिटवावे हे त्याने सांगावे. घरातील किडूकमिडूक सोने मोडण्याऐवजी किंवा सावकाराकडे ठेवण्याऐवजी बँकेत तारण ठेवल्यास व्याज कितीतरी कमी पडते, आणि एक हप्ता भरण्यासाठी दुसरे कर्ज काढणे हा घसरणीचा आरंभ असतो, हेही त्यानेच सांगावे. कर्ज देणाऱ्या संस्थेने तक्रारीचे ३० दिवसांत निराकरण केले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते, हे त्या कागदाच्या तळाशी लिहून द्यावे. हा सल्ला बाळ झाल्यावर देऊन फारसा उपयोग नाही. तो पाचव्या महिन्यात मिळाला, तर जोडप्याला मजुरी थांबण्याआधीचा काळ हाताशी धरून हिशेब करता येतो.

ही मागणी ज्या समितीपुढे ठेवली जात आहे तिच्या मुळाशी एका मराठी अर्थशास्त्रज्ञाचा विचार आहे. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्याच्या कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा सुमारे ३ टक्के आणि व्यापारी बँकांचा १ टक्क्याहूनही कमी आढळला होता. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९६९ मध्ये असे सुचवले की बँकांनी केवळ ग्राहकाकडे न पाहता संपूर्ण क्षेत्राकडे पाहावे, आणि त्या सूचनेतून जिल्हानिहाय अग्रणी बँक योजना आणि पुढे तिच्या अंतर्गत ही समिती आली. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत ग्रामीण कर्जातील बिगरसंस्थात्मक वाटा ३४ टक्क्यांपर्यंत खाली आलेला दिसतो. हा प्रवास मोठा आहे, परंतु उरलेला एक तृतीयांश ज्या क्षणी पुन्हा वाढतो तो क्षण कोणता, हे क्षेत्राकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. उमरीचे नाव मराठवाड्याच्या इतिहासात एका बँकेमुळेच कोरले गेले आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी हैदराबाद मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांनी येथील बँकेवर छापा घालून निजामी राजवटीला हादरा दिला. त्या गावातील स्त्रीला आज बँकेकडून हवी असलेली गोष्ट फारच लहान आहे.

सबब, जिल्हाधिकारी महोदयांनी जिल्हा सल्लागार समितीच्या पुढील तिमाही बैठकीच्या विषयपत्रिकेवर ‘बाळंतपण आणि हप्त्यांचे वेळापत्रक’ हा एक विषय घ्यावा, आणि त्या बैठकीत कर्जवाटपाच्या तक्त्याशेजारी उमरी तालुक्यात येत्या सहा महिन्यांत अपेक्षित असलेल्या बाळंतपणांची संख्याही ठेवावी, ही विनंती. ती संख्या आरोग्य खात्याच्या नोंदवहीत आजच तयार आहे. ती बँकांच्या टेबलावर कधी आलेली नाही, इतकेच.



उमरी तालुक्यातील एक नागरिक
उमरी, जि. नांदेड